मधुमालती: कोकणातल्या अंगणासाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मधुमालती रुजवायला कष्ट पडत नाहीत. कष्ट पडतात ते तिला आवरायला आणि तिचं वजन पेलायला. कोकणातली घरं, पाऊस, जांभा, खारा वारा आणि एप्रिल-मे मधली पाण्याची ओढ हे सगळं धरून इथे उत्तरं दिली आहेत. घाटावरच्या बागेला यातलं सगळंच लागू होईल असं नाही.

मधुमालती कोकणात नीट येते का?

उत्तम येते. उष्ण, दमट हवा तिला मानवते. आपल्या रानातले ऐन, किंजळ, हिरडा, बेहडा ज्या कुळातले, त्याच कुळातली ही वेल. उन्हाळा लागताना रानात पोपटी झुपक्यांनी लगडलेली उक्षी पाहिली असेल, तीही याच कुळातली. त्यामुळे आपली आंबूस जांभी माती तिला परकी वाटत नाही.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जांभ्यातून पाणी झरझर निघून जातं, म्हणून एवढ्या पावसातही मुळं कुजत नाहीत. पण तीच माती उन्हाळ्यात पाणी धरत नाही. कोकणात मधुमालतीची जी काही काळजी घ्यायची, त्यातली बरीचशी या एका गोष्टीभोवती फिरते.

लावायची कधी आणि कुठे?

मृगाचे दोन-चार चांगले पाऊस झाले की लावा. जमीन भिजलेली असते, ऊन मवाळ झालेलं असतं आणि रोपाला मुळं धरायला पुढचे चार महिने मिळतात. पाण्याची सोय असेल तर ऑक्टोबरातही लावता येते, पण मग पहिला उन्हाळा रोपाला जड जातो.

जागा निवडताना ऊन पाहा. दिवसातून निदान पाच-सहा तास थेट ऊन हवं. खड्डा दीड ते दोन फूट लांब-रुंद-खोल घ्या आणि तो मे महिन्यातच खणून उन्हात तापू द्या. भरताना निम्मी माती, निम्मं कुजलेलं शेणखत, वर दोन मुठी निंबोळी पेंड. घराच्या जोत्यापासून चार-पाच फूट तरी लांब लावा.

सड्यावरच्या, म्हणजे कातळी माळावरच्या, घरांना अर्ध्या फुटावर कातळ लागतो. तिथे फोडाफोडी करण्यापेक्षा चिऱ्यांचा अडीच-तीन फूट उंच चौथरा रचून त्यात माती भरावी. चिऱ्यांच्या फटी सिमेंटने बुजवू नका, पाणी त्यातूनच बाहेर पडतं.

रोप विकत घ्यावं की शेजारून फांदी आणावी?

शेजारी वेल असेल तर विकत कशाला घ्यायची? पेन्सिलीएवढ्या जाडीची, सहा-आठ इंचांची जून फांदी मृग-आर्द्रात मातीत खोचली की बहुतेक रुजते. त्याहून खात्रीची रीत म्हणजे दाब कलम. जमिनीलगतची लांब फांदी वाकवायची, मधल्या एका पेऱ्याची साल नखाने थोडी खरवडायची, तेवढा भाग मातीत दाबून वर एक चिरा ठेवायचा आणि टोक मोकळं सोडायचं. पाऊस उरकेपर्यंत दगडाखाली मुळांचा पुंजका तयार झालेला असतो. मग आईपासून तोडून हवी तिथे न्यायची. जुन्या वेलीच्या आसपास मुळांतून फुटवेही येतात, ते मुळासकट उचलले तरी चालतात.

रोपवाटिकेतून घेणार असाल तर फूल पाहूनच घ्या, कारण माधवी लताही कधीकधी मधुमालती म्हणून विकली जाते. माधवीचं फूल पांढरं, झालरीच्या कडेचं आणि एका पाकळीवर पिवळा डाग असलेलं असतं. तीही सुंदर आणि आपल्या सह्याद्रीतलीच, पण तिचा बहर हिवाळा सरताना येतो आणि लवकर आटोपतो. मधुमालतीला बोटभर लांब नळी आणि तिच्या टोकाला पाच पाकळ्या असतात. दुहेरी पाकळ्यांचीही जात मिळते, तरी एकेरीच लावावी असं मला वाटतं. लोंबणाऱ्या लांब नळ्यांचा जो डौल आहे तो एकेरीतच दिसतो.

आधार कसला द्यावा?

हा प्रश्न लोक वेल दहा फुटांची झाल्यावर विचारतात. तो रोप आणायच्या आधी विचारायला हवा.

मधुमालतीला काकडी-दोडक्यासारखे तणावे नसतात. ती चढते कशी हे एकदा जवळून पाहण्यासारखं आहे. तिचं पान गळतं तेव्हा देठ सगळा पडत नाही. फांदीकडचा तुकडा तिथेच राहतो, वाळतो, टणक होतो आणि किंचित वाकून काटा बनतो. फांदीवरून हात फिरवला की हे काटे लागतात. त्या आकड्यांनी ती दुसऱ्या फांदीला, जाळीला, कौलाला, जे सापडेल त्याला अडकते आणि त्यावर भार टाकत पुढे जाते. त्यामुळे सपाट गुळगुळीत भिंतीवर ती स्वतःहून चढणार नाही, तिला आडव्या काठ्या किंवा तारा लागतात. सुरुवातीला फांद्या बांधूनही द्याव्या लागतात.

बांधायला काथ्याची दोरी घ्या. ती फांदीत रुतत नाही आणि एक-दोन पावसाळ्यांत आपोआप कुजून गळते, तोवर फांदीने आपली जागा धरलेली असते. प्लास्टिकची सुतळी किंवा तार नको. फांदी जाड होते तशी ती सालीत घुसते आणि वरचा भाग वाळतो.

मांडवासाठी सिंधुदुर्गात मिळणारा माणगा बांबू फार चांगला. तो जवळजवळ भरीव असतो. खांब दोन फूट जमिनीत जाऊ द्या आणि मातीत जाणाऱ्या भागाला डांबर फासा, नाहीतर वाळवी आणि ओल मिळून तो बुडापासून खातात. लोखंडी पाईप घालायचा तर जस्ताचा मुलामा दिलेलाच घ्या. साधं लोखंड खाऱ्या हवेत फार टिकत नाही, आणि वेल अंगावर चढल्यावर रंग मारायला जागा राहत नाही. मांडवाची उंची सात-आठ फूट ठेवा म्हणजे खालून लोंबणारे झुपके डोक्याला लागणार नाहीत आणि छाटणीला स्टूल पुरेल.

आता वाऱ्याचं. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकलं तेव्हा श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोलीकडच्या माड-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. तसं वादळ दर वर्षी येत नाही, पण जूनच्या सुरुवातीचा आणि श्रावणसरींमधला वाराही काही कमी नसतो. पानांनी भरलेली, भिजलेली मधुमालती शिडासारखी वारा धरते. मांडवाचे चारही कोपरे तिरक्या टेकूंनी पक्के करा आणि पाऊस लागण्यापूर्वी वरचा दाट गुंता विरळ करा.

कौलांवर चढवली तर? दिसते फार छान.

दिसते छान, आणि नुकसानही तेवढंच करते. कोवळे कोंब कौलांच्या जोडाखाली शिरतात, तिथे जाड होतात आणि कौल उचलतात. ते कळतं पहिल्या पावसात, माजघरात पाणी टपकायला लागल्यावर. शिवाय कौलांवर साचलेला पाला पन्हळीत उतरतो आणि ती तुंबते. छपराच्या पाखीपासून निदान दोन फूट अंतर ठेवा आणि त्या बाजूला झेपावणारे कोंब दिसले की लगेच खुडा. विजेच्या तारांकडे जाणारी फांदी स्वतः ओढून काढू नका, वीज बंद करवून घेऊनच हात लावा.

वेल रानासारखी माजली आहे, पण फूल नाही. काय कमी पडतंय?

बहुतेक वेळा काही कमी पडत नसतं, जास्त होत असतं. लोकांना वाटतं खत हवं, म्हणून ते आणखी शेण घालतात, युरिया टाकतात, आणि वेल आणखी पानं काढते. नत्र भरपूर मिळालं की वेल वाढीच्या मागे लागते.

पहिल्यांदा ऊन बघा. कोकणातली वाडी म्हणजे माड, पोफळ, आंबा, फणस, त्यामुळे सावली ठरलेलीच. पोफळीखाली लावलेली मधुमालती उन्हाच्या शोधात चाळीस फूट वर जाते आणि फुलते ती शेंड्याला, जिथे ती कुणाला दिसत नाही. अशा वेलीला खताचा काही उपयोग नाही, ती हलवावी लागते.

मग छाटणी आठवा. मधुमालतीला फूल येतं ते त्या हंगामात आलेल्या नव्या फुटीच्या टोकाला. दोन-तीन वर्षं हात न लावलेली वेल जुन्या लाकडाचा गुंता होऊन बसते, नवी फूट थोडी येते आणि फुलंही मोजकीच. हे कारण फार वेळा सापडतं आणि त्यावर उपायही सगळ्यात स्वस्त आहे, एक धारदार कात्री.

वय हेही कारण असू शकतं. फांदीपासून केलेलं रोप दुसऱ्या वर्षी फुलू लागतं. पहिल्या वर्षी त्याला मुळं करू द्या.

छाटणी कधी आणि किती करावी?

उन्हाळ्यात पाणी देणं शक्य असेल तर माघात, म्हणजे साधारण फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात. थंडीत पानं पिवळी पडून गळालेली असतात, सांगाडा स्पष्ट दिसतो, काय ठेवायचं आणि काय काढायचं ते कळतं. आधी वाळलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढा. मग मुख्य चार-पाच जाड फांद्या ठेवून त्यांच्या बाजूच्या फांद्या दोन-तीन डोळ्यांवर आखूड करा. निम्मी वेल खाली पडलेली पाहून जीव कासावीस होतो, पण हात आखडता घेऊ नका. फाल्गुन-चैत्रात पालवी येते आणि वैशाखाच्या उन्हात झुपके लागतात. पुढे पावसाळाभर थोडी थोडी फुलं येत राहतात.

विहीर मार्चलाच तळ गाठत असेल तर माघात छाटू नका. नव्या फुटीला पाणी मिळालं नाही तर ती करपते. अशा ठिकाणी मेच्या शेवटच्या आठवड्यात छाटा, पुढचं काम पाऊस करतो. बहर मग श्रावण-भाद्रपदात येतो.

भर पावसात मोठी छाटणी टाळा. लांबलेला एखादा कोंब खुडायला हरकत नाही. छाटताना जाड हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, वर सांगितलेले देठांचे काटे वाळल्यावर चांगलेच ओरखडतात.

घर वर्षभर बंद असतं. आम्ही मे महिन्यात आणि गणपतीत येतो. तरी लावावी का?

लावावी. चाकरमान्यांच्या घरासाठी ही वेल तशी सोयीची आहे. पहिली दोन वर्षं मात्र मार्च ते मे कुणीतरी आठवड्यातून दोनदा पाणी घालणारं हवं. वाडीतल्या काकींना किंवा शेजारच्या घराला सांगून ठेवा. दोन उन्हाळे काढलेली वेल तिसऱ्या वर्षी पाण्याशिवायही तग धरते. पानं टाकते, मरगळते, पण मरत नाही.

मुंबईला परतायच्या आदल्या दिवशी, मेच्या अखेरीस, तिला कडक छाटा. मग गणपतीला दार उघडाल तेव्हा झुपके असतात. मधल्या तीन महिन्यांत ती भरमसाट वाढते, म्हणून बंद घराच्या बाबतीत मांडव घरापासून आणखी लांब ठेवा, आठ-दहा फूट. गणपतीत आलात की घराकडे वळलेले कोंब काढूनच परत जा.

उन्हाळ्यात पाणी किती?

नव्या रोपाला एक दिवसाआड, मुरलेल्या वेलीला आठवड्यातून एकदा, पण आळं भरून. रोज तांब्याभर शिंपडण्याला अर्थ नाही, त्याने मुळं वरच्या वर राहतात. आळ्यात नारळाची सोडणं उलटी मांडा, वर पालापाचोळा पसरा, खालची ओल बराच काळ टिकते.

न्हाणीचं पाणी वेलीकडे वळवता आलं तर फारच चांगलं. आपल्याकडे ते केळी-अळूला जातंच, त्यात हिचीही सोय होते. कपडे धुण्याच्या पावडरचं पाणी मात्र नको, त्यातला क्षार मातीत साठत जातो.

खत कोणतं?

छाटणीनंतर दोन घमेली कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, आणि पाऊस ओसरल्यावर एक घमेलं. कोकणचा पाऊस मातीतलं बरंच काही धुऊन नेतो, म्हणून दुसरा हप्ता महत्त्वाचा. चुलीतली राख मूठ-दोन मूठ जरूर घाला, तिच्यात पालाश असतं आणि जांभ्याचा आंबटपणाही थोडा उतरतो. मासळी धुतलेलं पाणी घालायची आपल्याकडे रीतच आहे. ते चालतं, पण त्याने पाला वाढतो, म्हणून फुटीच्या दिवसांत घाला आणि कळ्या दिसू लागल्या की थांबवा.

आमचं घर अगदी समुद्रावर आहे. पानांच्या कडा जळतात.

तो खाऱ्या वाऱ्याचा परिणाम. घराच्या समुद्राकडच्या बाजूला मधुमालती सुखी राहत नाही. घराच्या आडोशाला, पूर्वेकडे लावा, तीच वेल छान येते. पश्चिमेच्या बाजूला वेलच हवी असेल तर बोगनवेल लावा, ती खारा वारा पुष्कळ सोसते.

पुळणीच्या रेताड जमिनीत शिंपल्यांचा चुना असतो. तिथे पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या तर राख अजिबात घालू नका, शेणखत आणि पालापाचोळा दुप्पट करा. खाडीकाठच्या विहिरींचं पाणी मेमध्ये मचूळ होतं. त्या दिवसांत थोडं थोडं पाणी देत राहिल्यास मीठ मुळांशीच साठतं. त्यापेक्षा उशिराने, पण भरपूर द्या.

सुवासाने साप येतात म्हणतात, ते खरं का?

नाही. साप फुलांच्या वासाला येत नाहीत. ते येतात उंदीर, बेडूक, सरडे यांच्या मागे, आणि लपायला जागा असेल तिथे राहतात. म्हणून वास नव्हे, बुंधा सांभाळा. बुंध्याशी पाल्याचा ढीग, रचलेले चिरे, जुनी कौलं ठेवू नका. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या कातळांवर फुरसं आढळतं, ते अशाच दगडांखाली बसतं आणि जहाल विषारी असतं. पाला काढताना हाताने नव्हे, काठीने किंवा दाताळ्याने काढा. रात्री अंगणात जाताना विजेरी घ्या. साप चावलाच तर मंत्र-तंत्र, झाडपाला असले बाहेरचे उपचार करत न बसता थेट रुग्णालय गाठा.

वेलीवर कधी हिरवा, सडपातळ, टोकदार तोंडाचा हरणटोळ दिसतो. त्याचं विष सौम्य असतं आणि त्यापासून माणसाला सहसा धोका नसतो. त्याला मारू नका, तो सरडे खाऊन आपल्या वाटेने जातो.

कीड लागते का?

फारशी नाही. पावसात पानांवर तपकिरी ठिपके येतात, वेल विरळ केली की कमी होतात, त्यासाठी फवारणीची गरज नाही. उन्हाळ्यात कोवळ्या टोकांना पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण बसतो. टोक तोडून जाळा, उरलेल्यावर निंबोळी तेल आणि थोडा साबण पाण्यात मिसळून फवारा. पावसाळ्यात मोठ्या शंखी गोगलगायी रात्री कोवळी रोपं फस्त करतात. त्या हातमोजे घालून वेचा आणि बादलीतल्या मिठाच्या पाण्यात टाका. मीठ थेट मातीवर कधीही टाकू नका.

ओंबील, म्हणजे पानं शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या, हा वेगळाच विषय. त्या अळ्या खातात, ते चांगलं. पण पिठ्या ढेकणाला राखतात आणि माणसाला कडकडून चावतात. दारावरच्या मांडवात घरटं असेल तर काढा. परसातल्या वेलीवर असेल तर राहू द्या.

एकाच झुपक्यात पांढरी, गुलाबी, लाल फुलं कशी?

फुलं तीन प्रकारची नसतात, तीन वयांची असतात. कळी संध्याकाळी उमलते ती पांढरी, तोंड आडवं धरलेली आणि सुवासाने भरलेली. अंधारात लांब सोंडेचे हॉक मॉथ पतंग तिच्याकडे येतात, कारण एवढ्या खोल नळीच्या तळाचा मध त्यांनाच गाठता येतो. दुसऱ्या दिवशी फूल गुलाबी होतं आणि मान खाली टाकतं, तिसऱ्या दिवशी गडद लाल. दिवसा मधमाश्या, फुलपाखरं आणि शिंजीर त्यावर येतात. संध्याकाळी सात-साडेसातला वेलीखाली थोडा वेळ न हलता उभे राहिलात तर पतंग हवेत तरंगत सोंड घालताना दिसतात. हॉक मॉथ बघायला एवढी सोपी जागा दुसरी नाही, मुलांना जरूर दाखवा. यासाठी मांडवाखालचा दिवा रात्रभर जळत ठेवू नका.

कुंडीत येईल का?

येते, पण मन रमत नाही तिचं. दीड फुटी कुंडी किंवा अर्धं कापलेलं पिंप घ्या, दर वर्षी कडक छाटा, उन्हाळ्यात रोज पाणी द्या. फुलं मोजकीच मिळतील.

आंब्यावर किंवा माडावर चढवली तर मांडवाचा खर्च वाचेल ना?

मुळीच चढवू नका. कलमावर चढली की ती वरून छत्र धरते आणि आंब्याचा मोहोर सावलीत जातो. माडावर चढली की नारळ काढणारा पाडेली वर जायला तयार होत नाही, आणि ते बरोबरच आहे, वेलीच्या काट्यांनी पाय सोलतात. वठलेलं, पण मुळाशी घट्ट असलेलं झाड परसात असेल तर ते जरूर द्या, मात्र दर पावसाळ्यापूर्वी ते किती कुजलं आहे ते तपासा.

बिया जंतांवर औषध आहेत, हे खरं का?

चीनमध्ये या बियांचा जंतांवर जुना उपयोग आहे. पण मात्रा चुकली तर मळमळ, उलट्या, उचक्या लागतात. घरी, विशेषतः मुलांवर, प्रयोग करू नका. आपल्याकडे फळं तशीही क्वचितच धरतात.

घराची डागडुजी काढली आहे. वीस वर्षांची वेल तोडावी लागेल का?

मुळासकट काढायची गरज नाही. गुडघ्याएवढ्या उंचीवर सगळी कापा, बुंध्याभोवती चार चिरे उभे करा म्हणजे गवंड्यांची चुन्या-सिमेंटची घमेली तिथे रिकामी होणार नाहीत, आणि आठवड्याला पाणी चालू ठेवा. खोडावर नवे धुमारे फुटतात. त्यातले जोमदार चार ठेवा, बाकीचे काढा. काम हिवाळ्यात सुरू होऊन मेपर्यंत संपलं तर नवा मांडव पाऊस लागायच्या आत उभा करून ते चार धुमारे त्यावर बांधून द्या. फांद्या कोवळ्या असेपर्यंत हव्या तशा वळतात, म्हणून ते काम पुढच्या वर्षावर टाकू नका.